ऑफ-रोड टायरची खरेदी: साइडवॉलवरची अक्षरं आणि त्यामागचे कारखाने

ऑफ-रोड टायर घेताना फसगत होते ती बहुतेक वेळा ब्रँड चुकल्यामुळे नाही. नाव तेच, नक्षी तीच, पण बांधणी वेगळी, आणि ते लक्षात येतं टायर चढल्यानंतर. साधा २६५/७० आर १७ ११५टी, एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या बांधणीचा) २६५/७० आर १७ सी आणि एलटी २६५/७० आर १७ ई हे तीन टायर शेजारी ठेवले तर लांबून एकसारखे दिसतात; सी आणि ई ही वजन पेलण्याच्या क्षमतेची, म्हणजे लोडची, अक्षरं. प्रत्यक्षात त्यांची वजनं, हवेची गरज, दगडाला तोंड द्यायची ताकद आणि गाडीत जाणवणारा दणका हे सगळं वेगळं असतं. हा फरक कॅटलॉगच्या फोटोत दिसत नाही, तो साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिहिलेला असतो. टायर कुठे आणि कधी बनला हेही तिथेच असतं.

आधी प्रकार ठरवायचा. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर, ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची) खोली साधारण ८ ते ९ मिलिमीटर. एटीची (ऑल-टेरेन, सगळ्या वाटांचा) १० ते १३ आणि एमटीची (मड-टेरेन, चिखलाचा) १४ ते १६ मिलिमीटर. मधल्या जागेत आता आरटी नावाचा प्रकार आला आहे: खांद्याचे गट्टू (नक्षीचे रबरी ठोकळे) एमटीसारखे आणि मधला पट्टा एटीसारखा. ज्याचं ऐंशी टक्के चालणं डांबरावर आहे त्याने एटीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एमटी दिसतो रुबाबदार, पण ओल्या डांबरावर त्याचा ब्रेक लांब लागतो, कारण गट्ट्यांमधली जागा जास्त म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. चिखलात हेच उलटं होतं. चिकट मातीत एटीच्या खाचा भरतात आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. एमटीच्या रुंद खाचांतून चिखल चाकाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. वाळूत मात्र एमटीची आक्रमक नक्षी फायद्याची नसते. ती खोदत जाते आणि गाडी ॲक्सलपर्यंत बसते. तिथे हवा उतरवलेला साधा एटी जास्त बरा तरंगतो. दगडांत नक्षीपेक्षा साइडवॉलची जाडी महत्त्वाची.

युरोपात वापरल्या जाणाऱ्या नियमांत अस्सल ऑफ-रोड टायरसाठी ‘पीओआर’ (प्रोफेशनल ऑफ-रोड) अशी खूण आहे. गाडी आणि हलक्या ट्रकच्या टायरला ती मिळवायची तर ट्रेडची खोली किमान ११ मिलिमीटर, मोकळ्या जागेचं प्रमाण किमान ३५ टक्के आणि वेगमर्यादेचं अक्षर जास्तीत जास्त क्यू, म्हणजे ताशी १६० किलोमीटर, असं असावं लागतं. एमटी टायरांवर क्यू इतक्या वेळा का दिसतो याचं एक उत्तर इथे आहे. एम आणि एस (मड आणि स्नो) ही अक्षरं मात्र बहुतेक सगळ्याच एटीवर असतात, ती फक्त नक्षीच्या रचनेवरून मिळतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते. बर्फात जायचंच नसेल तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मग साइज. त्यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉलची उंची, शेवटचा इंचांत रिमचा व्यास. इथे कागद-पेन घेऊन बसावं, विक्रेत्याच्या ‘बसतो साहेब’ वर जाऊ नये. २६५/६५ आर १७ चा व्यास काढायचा तर २६५ चे ६५ टक्के म्हणजे १७२.२५, त्याची दुप्पट ३४४.५, अधिक १७ इंचांचे ४३१.८, एकूण ७७६.३ मिलिमीटर. २६५/७० आर १७ चा याच पद्धतीने ८०२.८ येतो. फरक २६.५ मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, जेमतेम १३ मिलिमीटर. एवढ्यासाठी साइज वाढवायचा का, हा विचार इथेच करावा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाकं आधीपेक्षा ३.४ टक्के जास्त अंतर कापत असतील. ओडोमीटर १०,००० किलोमीटरमागे सुमारे ३३० कमी मोजेल. त्यामुळे ‘नवे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं’ या तक्रारीतला एक भाग निव्वळ मोजणीचा असतो. उरलेला भाग वजनाचा आणि नक्षीचा असतो, आणि तो खरा असतो.

व्यास बसला म्हणजे टायर बसला असं नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एकदा पुढे आणि एकदा रिव्हर्समध्ये गाडी हलवून बघायची. पुढे जाताना न लागणारा टायर रिव्हर्समध्ये मडफ्लॅपला किंवा आतल्या प्लास्टिक लायनरला लागतो, कारण सस्पेन्शनची बुशं दाबाखाली थोडी सरकतात. सपाट जागेवरची चाचणी अपुरी आहे. एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून, स्प्रिंग दाबलेली असताना पूर्ण वळवून बघायला हवं. लायनर हीटगनने तापवून मागे सरकवता येतो, मडफ्लॅप कापता येतो. टायर चॅसिसच्या बॉडी-माउंटला किंवा वरच्या कंट्रोल आर्मला लागत असेल तर मात्र साइज कमी करणं हाच शहाणपणा. रिमची रुंदीही बघायची. २६५/७० आर १७ साठी साधारण ७ ते ९ इंच रुंदीचं रिम चालतं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की मधला भाग फुगतो आणि मधूनच झिजतो. ३१x१०.५० आर १५ अशा लिखाणात पहिला आकडा थेट इंचांतला व्यास असतो, दुसरा रुंदी. पण छापलेला ३३ इंच प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, म्हणून कंपनीच्या तक्त्यातला खरा व्यास धरावा.

स्टेपनीची जागा शेवटी आठवते. टायर पाचच घ्यायचे. चार मोठे आणि स्टेपनी मूळ साइजची असेल तर चारचाकी ड्राइव्ह चालू असताना डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस यांच्यावर सतत ताण येतो, आणि पंक्चर व्हायची जागा नेमकी तीच असते जिथे चारचाकी ड्राइव्ह लागतो. पाचवा टायर गाडीखालच्या किंवा मागच्या दाराच्या ब्रॅकेटमध्ये मावतो का, मागच्या दाराच्या बिजागऱ्या जास्तीचं वजन पेलतील का, हे ऑर्डरच्या आधी बघायचं.

आता सगळ्यात जास्त घोळाची गोष्ट: लोड. एलटी २६५/७० आर १७ सी वर ११२/१०९ असा आकडा असतो. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, तेही ५० पीएसआय हवेत. दुसरा आकडा मागच्या ॲक्सलला जोडचाकं असतील तेव्हाचा. ई लोडवर १२१/११८ असतं, म्हणजे १४५० किलो, पण ८० पीएसआयला. आणि साधा, एलटी नसलेला ११५ वाला टायर ३५-३६ पीएसआयलाच १२१५ किलो पेलतो. कागदावर साधा टायर सी लोडच्या एलटीपेक्षा जास्त वजन कमी हवेत उचलतो. एलटीची ताकद आहे ती जाड थरांत, कापाला आणि टोचण्याला तोंड देण्यात. त्यामुळे एलटी टाकल्यावर दारावरच्या स्टिकरवरची ३३ पीएसआय हवा ठेवली तर टायर कमी हवेवर चालतो, साइडवॉल सतत वाकते आणि तापते. हलक्या एसयूव्हीला सी लोड पुरतो. ई लोड प्रत्येक चाकामागे साध्या टायरपेक्षा चार ते सहा किलोने जड पडू शकतो. हे वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर आणि प्रवाशांच्या कंबरा तिघांनाही जाणवतं. रूफटॉप तंबू, पाण्याच्या टाक्या, पोलादी बंपर घेऊन धारदार दगडांतून जाणाऱ्या गाडीला मात्र ई घ्यावा.

‘टेन प्लाय’ म्हणून जो टायर विकतात त्यात दहा थर नसतात. ते जुन्या सुती थरांच्या काळातलं मोजमाप आहे, आता ते फक्त लोडचं नाव उरलं आहे. खरे थर किती ते साइडवॉलवर बारीक अक्षरांत असतं: ट्रेडमध्ये २ पॉलिएस्टर, २ स्टील, १ नायलॉन आणि साइडवॉलमध्ये २ पॉलिएस्टर, अशा धाटणीची ओळ. साइडवॉलमध्ये ३ लिहिलं असेल तर तो तीन थरांचा. विक्रेता ‘थ्री प्लाय साइडवॉल’ म्हणाला की बॅटरी मारून ही ओळ वाचायची. दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा.

आता कारखान्यांकडे वळू. ब्रँडचं राष्ट्रीयत्व आणि टायरचं जन्मस्थान यांचा संबंध कधीच सुटला आहे. बीएफगुडरिच हे अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातलं १८७० मधलं नाव, पण १९९० पासून ते फ्रान्सच्या मिशेलिनकडे आहे. जनरल टायरही ॲक्रनचाच, १९८७ पासून जर्मनीच्या कॉन्टिनेन्टलचा. कूपर २०२१ मध्ये गुडइयरने घेतली, आणि कूपरबरोबर मिकी थॉम्पसनही गुडइयरच्या घरात आली. फाल्कन हा जपानच्या सुमितोमो रबरचा ब्रँड, निट्टो हा टोयोचा, मॅक्सिस तैवानच्या चेंग शिन रबरचा. बीएफगुडरिचचे बरेच ऑल-टेरेन अलाबामातल्या टस्कलूसाच्या कारखान्यातून येतात. टोयोचा मोठा कारखाना जॉर्जियातल्या व्हाइट गावी आहे, शिवाय जपान, मलेशिया आणि सर्बिया इथेही. योकोहामाची चाकं जपान, फिलिपीन्स, थायलंड, भारत अशा अनेक ठिकाणी फिरतात. सुमितोमोने अमेरिकेतला टोनावांडाचा कारखाना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला, थायलंडमधला रायोंगचा चालू आहे.

थायलंडचं नाव इतक्या टायरांवर दिसतं त्याला कारण आहे. जगात सर्वाधिक नैसर्गिक रबर तिथे होतं, आणि पिकअप गाड्यांचं उत्पादनही तिथे प्रचंड आहे. म्हणजे कच्चा माल दारात आणि गिऱ्हाईकही दारात. ऑफ-रोड टायरच्या ट्रेडमध्ये नैसर्गिक रबराचा वाटा महत्त्वाचा असतो, कारण ते फाटायला आणि तुकडे निघायला जास्त विरोध करतं आणि कमी तापतं. कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, गंधक यांची मिसळण ठरलेल्या सूत्राने होते. थर रोलरमधून काढतात, ड्रमवर टायर उभा करतात आणि मग साच्यात उष्णता आणि दाब देऊन शिजवतात. नक्षी आणि अक्षरं याच शेवटच्या पायरीला उमटतात. जाड गट्ट्यांचा एमटी साध्या टायरपेक्षा जास्त वेळ शिजवावा लागतो, नाहीतर बाहेरून पक्का आणि आतून कच्चा राहील. मोठ्या कंपन्यांमध्ये हे सूत्र आणि वेळा कारखान्यागणिक सहसा हवेवर सोडलेल्या नसतात. म्हणून ‘अमेरिकेतला चांगला, थायलंडचा हलका’ हे सरसकट विधान मला पटत नाही. खरा फरक पडतो तो एकाच नावाखाली वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगळी बांधणी दिली जाते तेव्हा: एकीकडे एलटी, दुसरीकडे साधी. गाडीबरोबर कारखान्यातून बसून येणारा टायरही बऱ्याचदा त्याच नावाच्या बाजारातल्या टायरपेक्षा हलका आणि कमी खोल ट्रेडचा असतो. तोच पुन्हा मागवला तर तोच येईल असं धरून चालू नये.

इंटरनेटवर ‘ऑफ-रोड टायरचे कारखाने’ शोधणाऱ्याला हमखास शेती, खाण आणि बांधकामाच्या यंत्रांचे टायर बनवणाऱ्यांची नावं मिळतात, उदाहरणार्थ बीकेटी किंवा अलायन्स. तो धंदा वेगळा. ते टायर मंद वेगासाठी आणि मोठ्या वजनासाठी असतात, त्यांचा आपल्या गाडीशी संबंध नाही.

जन्मस्थान वाचायचं तर डीओटी (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) ही अक्षरं शोधायची. त्यापुढची पहिली दोन अक्षरं किंवा आकडे म्हणजे कारखान्याचा संकेत. नव्या पद्धतीत ती तीन झाली, आणि जुन्या दोन अक्षरी संकेतांच्या आधी १ लावला गेला. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्याला हात लावू नये. कारखान्यांच्या संकेतांची यादी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. पूर्ण डीओटी टायरच्या एकाच बाजूला असणं पुरेसं असतं, दुसऱ्या बाजूला तारखेशिवायचा अर्धवट असू शकतो. म्हणून तारीख दिसत नाही म्हणून घाबरायच्या आधी टायर उलटून बघायचा. वर्तुळातला ई आणि त्याशेजारचा आकडा हा सगळ्यात जास्त गैरसमज करून देतो. ई४ म्हणजे नेदरलँड्स, पण टायर तिथे बनला असा त्याचा अर्थ नाही, तिथल्या यंत्रणेने मान्यता दिली एवढाच. ई१ जर्मनी, ई२ फ्रान्स, ई११ ब्रिटन, ई४३ जपान. थायलंडमध्ये बनलेल्या टायरवर ई४ असणं अगदी नेहमीचं. चीनचं सीसीसी, ब्राझीलचं इन्मेट्रो, भारताचं आयएसआय ही चिन्हंही विक्रीची परवानगी सांगतात. बनलेला देश वेगळा, ‘मेड इन’ पुढे लिहिलेला असतो.

ऑर्डर देताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पूर्ण साइज लोडच्या अक्षरासकट, बनलेला देश, आणि पाचही टायरांच्या डीओटीचे फोटो. ‘सगळे एकाच लॉटचे आहेत’ असं फोनवर ऐकून पैसे पाठवू नयेत. माझ्या हिशेबात बनून वर्ष-दीड वर्षापर्यंत, अंधाऱ्या थंड गोदामात ठेवलेला टायर नवाच धरायला हरकत नाही. दोन वर्षांपुढे किंमत उतरवून मागावी. पाच टायरांच्या तारखांत दोन-चार महिन्यांचा फरक चालतो, वर्षभराचा नको. काही गाडीकंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात आणि मोठे टायरउत्पादक दहा वर्षं ही वरची मर्यादा मानतात, ट्रेड कितीही शिल्लक असो. एमटी वापरणाऱ्याला हे विशेष लागू, कारण त्याची गाडी महिन्यातून चार दिवस निघते आणि टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो.

माल आल्यावर गाडीवर चढवण्याआधी दिवसाच्या उजेडात तपासायचा. साच्यातल्या हवेच्या भोकांमुळे आलेले रबराचे बारीक केस सगळीकडे दिसायला हवेत. ते नसतील, बीडवर (रिमवर घट्ट बसणाऱ्या टायरच्या आतल्या कडेवर) ओरखडे असतील, आत चिकटवलेल्या वजनाची गोंदाची खूण असेल, तर तो टायर कुणीतरी आधी चढवून उतरवलेला आहे. तारखेचे चार आकडे साच्यात बदलता येणाऱ्या लहान पट्टीवर असतात, त्यामुळे त्यांच्याभोवती बारीकशी चौकट किंवा लंबगोल रेघ बोटाला लागते. ती घासून गुळगुळीत केलेली वाटली तर माल परत. बीड आतल्या बाजूला दुमडलेला आहे का ते बघायचं. जहाजातून आणताना टायर एकमेकांत कोंबून भरतात, त्यात बीड वाकतो आणि मग रिमवर बसल्यावर हवा झिरपते. पांढऱ्या अक्षरांवरचा निळा थर हा संरक्षणाचा असतो, साबणपाण्याने निघतो, पेट्रोलने काढू नये.

फिटिंगला स्वतः उभं राहायचं. जुनी व्हॉल्व्ह परत वापरू द्यायची नाहीत. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआयपर्यंत असते. ई लोडचा टायर भरल्या गाडीखाली त्याच्या वर न्यायचा असेल तर उच्च दाबाची किंवा धातूची, नट लावून कसायची व्हॉल्व्ह हवी. रिमच्या बीड बसण्याच्या कडेवरचा गंज आणि जुनं रबर वायर ब्रशने काढून घ्यायचं, हवा हळूहळू उतरण्याचं नेहमीचं कारण तिथेच सापडतं. बीडला पाण्यात विरघळणारी पेस्ट लावायची, ग्रीस किंवा ऑइल नाही. ऑइल लावलेला टायर पुढे कमी हवेत रिमवर फिरतो. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा मारायची नाही. तेवढ्यात ‘टक्’ आवाज करून बसला नाही तर हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून परत करायचं. स्प्रे मारून काडी लावण्याचे व्हिडिओ बघून कुणी तसं करत असेल तर टायर उचलून दुसरीकडे जावं. नक्षी दिशादर्शक असेल तर बाण, असममित असेल तर ‘आउटसाइड’ ही अक्षरं बाहेर आली का ते बघायचं. पूर्ण डीओटी शक्यतो बाहेरच्या बाजूला घ्यायचा आणि पाचही संकेतांचे फोटो ठेवायचे. कंपनीने कधी टायर परत बोलावले तर यादी या संकेतांवरूनच निघते.

टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी जागा, तो व्हॉल्व्हशेजारी ठेवला की बॅलन्सिंगला कमी वजन लागतं. एमटीला एटीपेक्षा जास्त वजन लागणं साहजिक आहे. एकाच जागी मूठभर पट्ट्या चिकटवायची वेळ आली तर थांबवायचं, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगायचं. बहुतेक वेळा वजन लक्षणीय उतरतं. न उतरल्यास तो टायर किंवा ते रिम संशयास्पद. नट मात्र न्यूमॅटिक गनने अंतिम कसू द्यायचे नाहीत. गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने, एकाआड एक कसायचे, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा. अलाइनमेंट त्याच दिवशी.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या रसायनाचा अंश असतो, त्यामुळे पहिले काही शे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून. ताशी ८० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच अलाइनमेंटवाल्याला दोष देऊ नये. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघायचं, ओढ बाजू बदलते का. बदलली तर दोष टायरमध्ये, वॉरंटीत दाखवायचा. नाही बदलली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. नक्षी दिशादर्शक असेल तर ही अदलाबदल फक्त तपासणीपुरती.

डांबरावरची हवा किती, याचं उत्तर अनुभवी लोक गेजवर शोधतात. सकाळी थंड असताना मोजायची, तासभर महामार्गावर चालवायचं, थांबल्याथांबल्या पुन्हा मोजायची. एलटी टायरमध्ये साधारण ६ पीएसआय वाढ अपेक्षित, साध्या टायरमध्ये ४. ९ वाढली तर टायर वाकून तापतो आहे, थंड हवा वाढवायची. ३ च वाढली तर हवा जास्त आहे. सी लोडच्या एलटीसाठी हलक्या एसयूव्हीत ३८ पासून सुरुवात करून बघायला हरकत नाही.

कच्च्यात उतरल्यावर एलटीची हवा खडीच्या रस्त्याला २६-२८, चिखलात २० ते २४, दगडांत १८ ते २२, वाळूत १६-१८ पर्यंत आणायची. गाडीच्या वजनाप्रमाणे यात इकडे-तिकडे होईल. १२ च्या खाली बीडलॉक रिम (बीड आवळून धरणारं रिम) नसताना जाऊ नये, आडव्या उतारावर स्टिअरिंग झटक्यात वळवलं की बीड सुटतो आणि टायर रिमवरून उतरतो. हवा उतरवण्याआधी खडूने टायर आणि रिम यांच्यावर एक सलग रेघ ओढावी. दिवसाअखेर ती तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर टायर रिमवर फिरला, म्हणजे बॅलन्सिंग गेलं. १८ पीएसआयवर ताशी ४० च्या पुढे जायचं नाही, आणि डांबर लागल्याबरोबर थांबून हवा भरायची. ‘पुढच्या गावात भरू’ म्हणून केलेल्या त्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये साइडवॉलचे थर आतून सुटतात. ते दिसतं महिन्याने, फुगा येऊन, आणि शिव्या बसतात कारखान्याला.

खडीवर धावल्यावर गट्ट्यांमधले दगड स्क्रू ड्रायव्हरने काढावेत, ते चालता चालता खाली बेल्टपर्यंत (ट्रेडखालच्या स्टीलच्या थरांपर्यंत) भोक पाडत जातात. साइडवॉलला कापल्यावर प्लग मारून हायवेवर जायचं नाही, प्लग तेवढ्या वाकण्यात टिकत नाही. फिरवाफिरव, म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदलणं, एटीत दर ८,००० किलोमीटरला, एमटीत ५,००० ला, आणि पाचवा टायर त्यात धरूनच. एमटी फिरवला नाही तर पुढच्या चाकांवर गट्ट्यांची एक कड उंच आणि दुसरी झिजलेली होते. मग केबिनमध्ये येणारी घरघर व्हील बेअरिंग गेल्यासारखी वाटते आणि बेअरिंग बदलूनही जात नाही. हात नक्षीवरून आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर बेअरिंगचा खर्च वाचला.